पुराचा मेसेज पुढे पाठवण्यापूर्वी: कृष्णाकाठच्या वाचकांसाठी माहिती तपासण्याची रीत

सांगली जिल्ह्यात जुलै आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत खात्रीच्या माहितीची गरज सर्वाधिक असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत खोटी, शिळी आणि अर्धवट माहितीही सर्वाधिक फिरते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी कृष्णाकाठाला एक गोष्ट नीट शिकवली आहे. पाणी किती चढणार हे वेळेवर कळले, तर जनावरे, धान्य, कागदपत्रे आणि घरातील वृद्ध माणसे सुखरूप हलवता येतात. तेच चुकीचे कळले, तर माणसे निष्कारण रात्री-अपरात्री घर सोडतात, किंवा दोन खोट्या इशाऱ्यांना कंटाळून तिसऱ्या खऱ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करतात. यांतला दुसरा परिणाम मला अधिक घातक वाटतो, कारण त्याची किंमत अफवा पसरवणाऱ्याला नव्हे, तर घरात थांबलेल्या माणसाला मोजावी लागते.

मोबाइलवर आलेला मेसेज, फोटो, आवाजी संदेश, बातमी किंवा सरकारी आदेश यांची पारख कशी करावी, हे पुढे सांगितले आहे. मुख्य उदाहरण पुराचे घेतले आहे, परंतु हीच रीत बाजारभावाला आणि गावातल्या अफवेलाही लागू पडते.

पहिला प्रश्न कोणता विचारावा

एखादा मेसेज आला की आपण बहुधा पाठवणाऱ्याकडे पाहतो. काका शिक्षक होते, ते खोटे कशाला पाठवतील, असे आपण म्हणतो, आणि काका खरोखरच खोटे बोलत नसतात. पण काकांनी पाणी मोजलेले नसते. त्यांना तो मेसेज त्यांच्या मित्राकडून आलेला असतो, मित्राला मेहुण्याकडून आणि मेहुण्याला कोणत्या तरी ग्रुपवरून. या साखळीतली सगळी माणसे सज्जन असूनही तिच्यातून चुकीची माहिती सहज वाहत येते. म्हणून पाठवणारा विश्वासू आहे का, या प्रश्नावर थांबू नये; ही गोष्ट प्रथम कोणाला कळली आणि त्याला ती कशी कळली, असे विचारावे. कोणी मोजली, कोणी डोळ्यांनी पाहिली, कोणी सही करून जाहीर केली? याचे उत्तर मेसेजमध्ये नसेल आणि शोधूनही सापडत नसेल, तर ती माहिती अजून माहिती झालेली नाही.

पुराच्या बाबतीत हे काम सोपे आहे, कारण प्रत्येक आकड्याचे जन्मस्थान ठरलेले आहे. कोयना धरण सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात आहे. त्याचा साठा आणि विसर्ग धरणाचे व्यवस्थापन सांगते. वारणेचे पाणी चांदोलीच्या धरणातून येऊन हरिपूरजवळ कृष्णेला मिळते, त्याची नोंदही जलसंपदा (पाटबंधारे) विभागाकडेच असते. सांगलीतील पाण्याची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजली जाते. पावसाचा अंदाज भारतीय हवामान विभाग देतो. अलमट्टी धरण कर्नाटकात आहे, त्याच्या विसर्गाचा आकडा तेथील यंत्रणेकडून येतो. शाळांची सुट्टी, स्थलांतर आणि बंद रस्ते यांविषयीचे आदेश जिल्हाधिकारी कार्यालयातून निघतात आणि जिल्हा माहिती कार्यालय ते माध्यमांना देते. या कार्यालयांची अधिकृत खाती आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक मे महिन्यातच मोबाइलमध्ये साठवून ठेवावा. दारात पाणी आल्यावर खरे खाते कोणते आणि नकली कोणते हे शोधत बसणे कोणालाच जमत नाही.

एक मेसेज उलगडून पाहू

पावसाळ्यात साधारण या धर्तीचा मजकूर हमखास येतो: "ब्रेकिंग! कोयनेचे सर्व दरवाजे उघडले, ५ लाख क्युसेक पाणी सोडले. आज रात्री १२ पर्यंत सांगलीत ५५ फूट पाणी येणार. धोका पातळी ओलांडली. सर्व ग्रुपवर पाठवा."

सर्वप्रथम 'आज' हा शब्द पाहावा. तारीख नसलेला 'आज' कधीच जुना होत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लिहिलेला मेसेज पुढच्या कोणत्याही पावसाळ्यात जसाच्या तसा ताजा वाटतो. खऱ्या पत्रकावर दिनांक असतो आणि वेळही असते, कारण पुराच्या दिवसांत सकाळी आठचा आकडा आणि दुपारी चारचा आकडा यांत मोठा फरक पडू शकतो. 'आज', 'आत्ताच' आणि 'उद्या' हे शब्द तारखेविना आले, तर मेसेज तेथेच बाजूला ठेवावा.

दुसरे, ठिकाण. धोका पातळी ओलांडली, पण कोठली? आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. कोल्हापुरात पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याजवळ हेच आकडे ३९ आणि ४३ फूट आहेत. त्यामुळे "पाणी ४३ फुटांवर, धोका पातळी गाठली" हे वाक्य कोल्हापूरसाठी पूर्ण खरे असूनही सांगलीच्या ग्रुपवर येताच खोटे ठरते, आणि ते लिहिणाऱ्याने कोणतीही लबाडी केलेली नसते. भिलवडी, अंकली, म्हैसाळ येथील मोजपट्ट्यांचे आकडेही असेच वेगवेगळे वाचायचे असतात. ज्या फुटाच्या आकड्यापुढे पुलाचे किंवा बंधाऱ्याचे नाव नाही, त्याचा उपयोग नाही.

तिसरे, शब्दांची घडण. धरणाची माहिती देणारे खरे निवेदन कोरडे आणि नेमके असते: सहा वक्र दरवाजे अमुक फुटांनी उचलले, सांडव्यावरून इतके क्युसेक, पायथा विद्युतगृहातून २,१०० क्युसेक, नदीपात्रात एकूण इतके क्युसेक, दिनांक, वेळ. त्यात उद्गारचिन्हे नसतात आणि "सर्व ग्रुपवर पाठवा" अशी विनवणीही नसते. केवळ भाषेवरून खरे-खोटे ठरवू नये, कारण पत्रकाची भाषा नक्कल करता येते. परंतु वाचकाला घाबरवून घाईला लावणारा मजकूर दिसला, की तपासणी अधिक कडक करावी.

चौथे, व्हॉट्सअ‍ॅपची स्वतःची खूण. मेसेजच्या वर दोन बाण दिसत असतील, तर तो मूळ लेखकापासून किमान पाच वेळा पुढे पाठवला गेलेला आहे. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा कंपनीने एप्रिल २०२० मध्ये घातली. दोन बाण म्हणजे मेसेज खोटा, असे नाही. ज्याने तो लिहिला त्याच्याशी आपला काहीही परिचय नाही, एवढे मात्र ते निश्चित सांगतात.

थोडे गणित केले तर

वरच्या मेसेजमधील पाच लाख क्युसेकचा आकडा कोणालाही न विचारता घरबसल्या तपासता येतो, आणि ही तपासणी शाळेतल्या मुलांकडूनही करून घ्यावी असे मला मनापासून वाटते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले, तर साधारण ११,५७४ क्युसेक विसर्ग चोवीस तास चालू राहिल्यावर एक टीएमसी पाणी बाहेर पडते. एक लाख क्युसेकने दिवसाला ८.६४ टीएमसी, आणि पाच लाख क्युसेकने ४३.२ टीएमसी. कोयनेची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी आहे. म्हणजे मेसेज खरा मानला, तर काठोकाठ भरलेले कोयना धरण, त्यात येणारे पाणी न धरता, अडीच दिवसांत कोरडे पडेल. असे कोणतेही धरण चालवले जात नाही.

मग हा आकडा आला कोठून, हेही पाहावे, कारण खोट्या आकड्याच्या मुळाशी पुष्कळदा एखादा खरा आकडा असतो. २०१९ च्या महापुरात अलमट्टीतून पाच लाख क्युसेकपेक्षा अधिक विसर्ग झाला होता. कृष्णेवर बरेच खाली असलेल्या मोठ्या धरणाचा तो आकडा कोणीतरी कोयनेच्या नावावर लावला, की असा मेसेज तयार होतो.

वेळेचेही गणित आहे. कोयनेचे पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि तेथून बहे, भिलवडी असा प्रवास करत सांगलीला येते. या प्रवासाला कित्येक तास लागतात. दरवाजे उचलल्यावर तासाभरात सांगलीत पाणी चढेल, असे सांगणारा मजकूर भूगोलाच्या विरुद्ध आहे. उलट दिशेनेही हे ध्यानात ठेवावे: सांगलीत ऊन पडले म्हणजे पूर टळला, असे होत नाही, कारण आपला पूर महाबळेश्वर, नवजा आणि चांदोलीच्या पावसावर ठरतो. म्हणून हवामान विभागाचा इशारा वाचताना तो सांगली जिल्ह्यासाठी आहे की साताऱ्याच्या घाटमाथ्यासाठी, हे अवश्य पाहावे. घाटमाथ्याचा लाल इशारा जतच्या शेतकऱ्याच्या शेतात पाऊस आणणार नाही, पण सांगलीतल्या नदीकाठच्या घरात पाणी आणू शकतो. 'अतिवृष्टी' हा शब्द बातमीत सैलपणे वापरला जातो. हवामान विभागाच्या मोजणीत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार पाऊस सुरू होतो आणि २०४.४ मिलिमीटरच्या पुढे तो अत्यंत जोरदार गणला जातो. आकडा दिलेला असेल, तर विशेषणाऐवजी आकडा वाचावा.

फोटो आणि व्हिडिओ

चित्र पाहिले की शंका गळून पडते, आणि म्हणूनच चित्राबाबत अधिक सावध राहावे लागते. पुराच्या दिवसांत फिरणारी बहुतेक फसवी चित्रे बनावट नसतात. ती खरी असतात, फक्त दुसऱ्या वर्षाची किंवा दुसऱ्या गावाची असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पुराच्या पाण्यात बुडालेल्या घराच्या छपरावर मगर बसल्याचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला. तो बेळगाव जिल्ह्यातील रायबाग तालुक्यातला होता. सांगलीच्या कृष्णेतही मगरी आहेत, त्यामुळे त्या व्हिडिओखाली कोणी औदुंबर किंवा भिलवडी असे लिहिले, तर ऐकणारा लगेच मान डोलावेल. एखादी गोष्ट आपल्या गावात घडू शकते म्हणून ती घडली असे होत नाही. उलट जे सहज पटते, तेच आपण कमी तपासतो.

चित्र तपासताना आधी आपले डोळे वापरावेत आणि नंतर यंत्र. चित्रातील वाहनांच्या पाट्या मोठ्या करून पाहाव्यात: एमएच १० सांगलीचे, एमएच ०९ कोल्हापूरचे, एमएच ११ साताऱ्याचे आणि एमएच ५० कराडचे. एकच पाटी पुरावा ठरत नाही, पण चौकातील सगळ्याच गाड्या परजिल्ह्यातल्या असतील, तर तो चौक आपला नाही. दुकानांच्या फलकांवरील लिपी, एसटीचा रंग, विजेच्या खांबांची ठेवण, वाढदिवसाच्या शुभेच्छा फलकावरील तारीख आणि नेत्यांचे फोटो हे सगळे बोलके असते. निवडणुकीतील उमेदवाराचा फलक तर चित्राचे वर्ष जवळजवळ सांगूनच टाकतो. आयर्विन पुलाचे चित्र असेल, तर पाणी कमानींच्या कोणत्या भागापर्यंत आले आहे हे पाहून त्या दिवशीच्या नोंदलेल्या पातळीशी ताडून पाहता येते.

यानंतर गूगल लेन्समध्ये ते चित्र टाकून शोध घ्यावा. व्हिडिओ असेल, तर स्पष्ट दिसणाऱ्या एखाद्या क्षणी तो थांबवून त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि तोच शोधावा. निकालांत तेच चित्र आज सांगितल्या जाणाऱ्या तारखेच्या आधी कोठेही प्रसिद्ध झालेले आढळले, तर प्रश्न तेथेच संपतो. मात्र काहीच न सापडणे म्हणजे चित्र नवे आणि खरे असल्याची खात्री नव्हे. फोटो कधी काढला याची नोंद फाइलमध्ये पाहावी, असा सल्ला दिला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेल्या फोटोत ती नोंद उरत नाही, त्यामुळे त्यात वेळ घालवू नये.

आवाजी संदेशाबाबत एवढेच सांगतो, की घाबरलेला, आपल्याच बोलीतला आवाज हा पुरावा नाही. बोलणारा स्वतःचे नाव, गाव आणि हुद्दा सांगत नसेल, तर तो आवाज निनावी पत्राइतकाच विश्वासार्ह आहे. आता तर ओळखीच्या व्यक्तीचा आवाजही यंत्राने तयार करता येतो. तेव्हा ज्याचा आवाज वाटतो, त्याला फोन करून विचारावे.

बातमी कशी वाचावी

वृत्तपत्रात आले म्हणजे खरे आणि मोबाइलवर आले म्हणजे खोटे, ही विभागणी कामाची नाही. छापील वृत्तपत्राची एक बाजू निश्चितच भक्कम आहे: त्याच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे, छपाईचे ठिकाण आणि नोंदणी क्रमांक असतो, म्हणजे चुकीला जबाबदार माणूस ठरलेला असतो. वृत्तपत्रांच्या नोंदणीच्या १८६७ च्या जुन्या कायद्याची जागा आता १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या प्रेस आणि नियतकालिक नोंदणी अधिनियमाने घेतली आहे. बातम्यांच्या संकेतस्थळांनाही २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचा संपर्क जाहीर करावा लागतो. एखादे स्थानिक पोर्टल किंवा यूट्यूब वाहिनी पारखताना हेच पाहावे. चालवणाऱ्याचे नाव आहे का, पत्ता आहे का, बातमीवर तारीख आहे का, आणि चूक झाल्यावर तिने ती दुरुस्त केल्याचे कधी सांगितले आहे का? यातील शेवटची कसोटी मला सर्वांत मोलाची वाटते. गुपचूप बातमी काढून टाकणारे माध्यम आणि "काल दिलेला आकडा चुकीचा होता" असे लिहिणारे माध्यम यांत दुसऱ्यावर विश्वास ठेवावा, जरी चूक त्याचीच डोळ्यांपुढे असली तरी.

बातमीच्या आत, सांगणारा कोण हे दर्शवणारे शब्द शोधावेत. "पाटबंधारे विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांनी सांगितले" या वाक्यामागे विचारता येण्याजोगा माणूस आहे. "सूत्रांच्या माहितीनुसार" मागे बातमीदाराला माहीत असलेला, पण आपल्याला न दिसणारा माणूस आहे. बातमीदाराची ख्याती चांगली असेल, तर तेही चालते. "अशी चर्चा आहे" आणि "बोलले जात आहे" यांच्यामागे कोणीच नाही. एकच बातमी चार ठिकाणी दिसली म्हणून तिला चार आधार मिळाले, असेही समजू नये. चारही ठिकाणी वृत्तसंस्थेचा तोच मजकूर असेल, किंवा तीन पोर्टलांनी चौथ्याची नक्कल केलेली असेल, तर आधार एकच. आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार होते: नेत्यांच्या वाढदिवसाची विशेष पुरवणी मुख्य अंकासोबत येते, तिच्यातील मजकूर बातमीसारखाच मांडलेला असतो, आणि वर्षभराने कोणीतरी त्यातील विकासकामांचे आकडे पुरावा म्हणून पुढे करतो. तो मजकूर जाहिरात म्हणूनच वाचावा.

एआयला प्रश्न विचारून माहिती घेण्याची सवयही वाढते आहे. एखादी संज्ञा समजून घेण्यासाठी ते ठीक आहे. परंतु आत्ता आयर्विनला पाणी किती, हे त्याला विचारू नये, कारण जुना आकडाही ते तितक्याच आत्मविश्वासाने सांगू शकते.

सरकारी आदेशाची प्रतिमा आली, तर तपासणी थोडक्यात होते. शासन निर्णयाच्या शेवटी संकेतांक दिलेला असतो, तो वर्ष, महिना आणि दिवस यांच्या आकड्यांनी सुरू होतो, आणि महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरील शासन निर्णयांच्या विभागात तो टाकला की मूळ पीडीएफ मिळते. मूळ सापडले नाही, तर त्या योजनेसाठी आधार क्रमांक किंवा पैसे मुळीच देऊ नयेत. शाळांच्या सुट्टीचा जुना आदेश तारीख बदलून फिरवला जातो. दिनांक आणि वार जुळतात का, तारखेची अक्षरे बाकीच्या मजकुरापेक्षा वेगळी दिसतात का, हे पाहावे आणि जिल्हा प्रशासनाच्या अधिकृत खात्यावर तो आदेश शोधावा. केंद्र सरकारच्या नावाने फिरणाऱ्या दाव्यांसाठी पीआयबीचा, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचा, तथ्यतपासणी विभाग आहे, मात्र राज्याच्या आणि जिल्ह्याच्या गोष्टी त्याच्या कक्षेत येत नाहीत.

मोजमाप वेगळे आणि कारण वेगळे

येथवर जे सांगितले, ते मोजता येणाऱ्या गोष्टींविषयी होते. काही प्रश्न तसे नसतात. अलमट्टी धरणाची पूर्ण साठवण पातळी ५१९.६० मीटर आहे, ही नोंद आहे. आज तेथे पातळी किती आहे, हीही नोंदच आहे. परंतु सांगलीच्या पुराला अलमट्टीचा फुगवटा, म्हणजे धरणामुळे नदीत मागे तुंबणारे पाणी, किती कारणीभूत आहे, हा अभ्यासाचा आणि वादाचा विषय आहे. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला पुराचे कारण ठरवले नाही. तो निष्कर्ष मान्य नसलेले निवृत्त अभियंते आणि पूरग्रस्तांसाठी काम करणारे कार्यकर्ते आपल्याच जिल्ह्यात आहेत, आणि धरणाची उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याच्या प्रस्तावाला त्यांचा तीव्र विरोध आहे. अशा ठिकाणी एका व्हिडिओवरून मत बनवू नये. बोलणारा कोणते आकडे वापरतो, ते कोठून घेतले हे सांगतो का, विरुद्ध बाजूच्या सर्वांत बळकट मुद्द्याला उत्तर देतो का, आणि नदीतील गाळ, पूररेषेतील बांधकामे, पुलांचे भराव, धरणांतून पाणी सोडण्याचे वेळापत्रक अशा इतर कारणांचा विचार करतो का, हे पाहावे. एकाच कारणावर सगळा पूर उभा करणारा माणूस बहुधा अभ्यासापेक्षा बाजू मांडत असतो. बाजू मांडणे गैर नाही, पण ते ऐकताना आपण काय ऐकत आहोत, याचे भान असावे.

सरकारी माहितीलाही मर्यादा आहेत, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पत्रक उशिरा येऊ शकते, आणि ते आयर्विनची पातळी सांगते, सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगरातल्या एखाद्या गल्लीत पाणी शिरले का, हे सांगत नाही. त्या गल्लीपुरता तेथे उंबऱ्यावर उभा असलेला रहिवासीच उत्तम साक्षीदार आहे. तोच रहिवासी कोयनेच्या दरवाजांविषयी सांगू लागला, की मात्र त्याचा अधिकार संपतो.

पावसाळ्याबाहेर

सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातील लवंगा येथे उत्तर प्रदेशातून देवदर्शनासाठी आलेल्या चार साधूंना, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने मारहाण केली. त्यांनी एका मुलाला वाट विचारली होती. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेने पाच जणांचा जीव घेतला होता. मुलांच्या अपहरणाचा मेसेज आला, तर कोणत्या पोलीस ठाण्यात, कोणत्या तारखेला गुन्हा नोंदवला गेला, एवढेच विचारावे आणि शंका वाटल्यास ११२ वर फोन करावा. जमाव गोळा करू नये. या बाबतीत माझा आग्रह टोकाचा आहे, कारण येथे चूक दुरुस्त करायला माणूसच उरत नाही.

सांगलीच्या हळदीच्या सौद्यांबाबत वेगळ्या प्रकारची दिशाभूल होते. "हळदीला विक्रमी दर" ही बातमी खोटी नसते, पण तो दर एखाद्याच उत्तम कलमाला, म्हणजे मालाच्या एका ढिगाला, मिळालेला असतो. पणन मंडळाच्या तक्त्यात आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर अशा नोंदी असतात. माल घरात ठेवायचा की विकायचा, हे ठरवताना सर्वसाधारण दर आणि आवक पाहावी.

घरातल्या ग्रुपवर आणि घाईच्या वेळी

चूक दाखवताना समोरच्याचा मान राखला, तर ती ऐकून घेतली जाते. वडीलधाऱ्यांना सर्वांदेखत "खोटे पाठवू नका" म्हटले, की ते चिडतात आणि मेसेज तसाच राहतो. त्याऐवजी आधी फोन करावा, आणि ग्रुपवर इतकेच लिहावे: "अण्णा, आयर्विनला सकाळी आठला ३८ फूट होते, पाटबंधारेचे पत्रक खाली जोडले आहे. वरचा मेसेज जुना दिसतो." खरा आकडा जोडल्याशिवाय नुसते खंडन करू नये, रिकाम्या जागी दुसरी अफवा येते. ग्रुपच्या ॲडमिनने पावसाळ्यापुरता, तारीख आणि आधार नसलेला पुराचा मेसेज काढून टाकला जाईल, असा नियम आधीच जाहीर करावा. आपत्तीविषयी खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण करणे हा २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ नुसार गुन्हा असून, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे, हेही त्याच सूचनेत लिहावे.

तपासायला वेळच नसेल, तर स्वतः सावध होणे आणि इतरांना पाठवणे या दोन क्रिया वेगळ्या ठेवाव्यात. रात्री अकरा वाजता इशारा आला, नियंत्रण कक्षाचा फोन लागत नाही आणि घर नदीकाठी आहे, अशा वेळी जनावरे सोडवून उंचावर न्यावीत, कागदपत्रे पिशवीत भरावीत, वृद्धांना हलवावे; इशारा खोटा निघाला, तर एका रात्रीची झोप गेली एवढेच. तो मेसेज मात्र शंभर जणांना पाठवू नये. शेजाऱ्याला सांगायचे असेल, तर "खात्री नाही, पण आम्ही सामान हलवतो आहोत" असे स्वतःच्या तोंडाने सांगावे.

खात्री झाल्यावर जे पाठवायचे, ते आलेल्या मजकुराऐवजी स्वतः लिहून पाठवावे, म्हणजे जुना 'आज' त्यात राहत नाही. नमुना असा ठेवता येईल: "आयर्विन पूल, सांगली. पाणीपातळी ४१ फूट ३ इंच. अमुक दिनांक, सकाळी ८ ची नोंद. आधार: पाटबंधारे विभागाचे पत्रक, सोबत जोडले आहे. सायंकाळी ६ नंतर हा मेसेज पुढे पाठवू नये, नवी नोंद पाहावी."